माळकरीण म्हैस

दुपारची जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले, की मला रवंथाचा आवाज ऐकू येतो. आता घरात म्हैस नाही, गोठाही नाही. खाली नातवंडांच्या स्कूटरी लावलेल्या असतात आणि त्या काही रवंथ करत नाहीत. तरी डोळा लागता लागता तो आवाज येतोच, ओला, संथ, कुणाची घाई नसलेला. आणि त्याच्या मागून समुद्र. नवापूरला असताना हे दोन्ही आवाज असे एकात एक मिसळायचे, की अर्धवट झोपेत मला कळायचं नाही, म्हैस गाजतेय की समुद्र रवंथ करतोय.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरच्या बाजूला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि आमचे हे तिथे सेंट्रिंगच्या कामावर लागले होते. नवापूरच्या वेशीवर एका शेतकऱ्याच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. पुढे पडवी, मागे पत्र्याचा एक आडोसा. हे सकाळी सायकलवर बसून घिवलीकडे बांधकामावर जायचे ते दिवस मावळताना सिमेंटचे होऊन परत यायचे. घरात सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत आत्याबाई. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात नामस्मरण, आणि कान मात्र साऱ्या गावाकडे. तिसरी मी. वय एकोणीस, अक्कल त्याहून बरीच कमी.

आणि चौथी म्हैस. ती माझ्या आंदणाची. आमचा मुलूख साताऱ्याच्या पूर्वेचा, कोरडा, कडब्याचा. वडिलांनी ओळखीच्या एका ट्रकमधून तिला इकडे पाठवली तेव्हा ती नुकती गाभण होती. दोन दिवस उभ्यानं प्रवास करून ती उतरली, समुद्राकडे बघून तिनं एक लांब हंबरडा फोडला आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. ‘दोघींना एकदमच माहेर आठवलं,’ हे आत्याबाई पुढे कितीतरी वर्षं सांगत असत, आणि मी कशी रडले होते ते नक्कल करूनही दाखवत.

तर तिला खायला काय घालायचं? इकडे ज्वारी नाही, तर कडबा कुठला. सगळा भात. भात झोडला की उरतो तो पेंढा. घरमालकांच्या खळ्यात पेंढ्याच्या मोठमोठ्या उडव्या रचलेल्या असत. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं, की त्या अशा काही दिसत, जणू कुणी गावाबाहेर सोन्याचे घुमट बांधून ठेवलेत. त्यांना टेकून मी तासन्‌तास बसायची. पेंढा हाताला मऊ, वासाला गोड, रंगाला रेशमी. मनात म्हणायची, माझ्या म्हशीचं नशीब बघा, रेशीम खाते! त्या बयेला, म्हणजे तेव्हाच्या मला, एवढंच कळत होतं, की जे दिसायला छान ते पोटाला छान. नवराही तिनं त्याच हिशेबानं पसंत केला होता. तो बरा निघाला हा योगायोग.

भात गिरणीतून सडून आणला की सोबत कोंडाही यायचा. घरमालकीण म्हणाली, “कोंडा म्हशीला घाल गो.” मी नाक मुरडलं. आमच्याकडे म्हशीला सरकी, पेंड. कोंडा मी कोंबड्यांपुढे टाकलेला पाहिला होता, तेव्हा कोंडा म्हणजे कोंबड्यांचं खाणं, हे माझं ठाम मत. माहेरची म्हैस आणि कोंबडीचं खाणं खाईल? मी सगळा कोंडा मालकिणीच्या कोंबड्यांना घालत राहिले आणि म्हशीला नुसतं रेशीम.

दिवाळी गेली, थंडी पडली, आणि म्हैस भिंत चाटू लागली.

आधी मला कौतुक वाटलं. वाटलं, घराचा लळा लागला हिला. मग तिनं भिंतीचा पोपडा काढून चावून खाल्ला. मग दाव्याचं टोक. मग यांच्या खाकी सदऱ्याची एक बाही, वाळत घातलेली. हे तसेच एका बाहीचा सदरा घालून कामावर गेले, दुसरा ओला होता. तिथले हिंदी बोलणारे कामगार त्यांना म्हणाले, “क्या भाई, बीवी ने काटा?” घरी येऊन ह्यांनी ते मला सांगितलं आणि आम्ही पडवीत पोट धरून हसलो. म्हैस आमच्याकडे बघत होती. तिच्या खांद्याचं हाड वर आलं होतं. ते मला दिसलं, आणि नाहीही दिसलं.

मी तिला रोज दुपारी किनाऱ्याकडच्या माळावर फिरवून आणायची. दोरी हातात, पण मन भलतीकडेच. समोर वाळूत बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील सुकत घातलेले असत, शेकडो, शेपट्या खाली, वाऱ्यावर हलणारे. माळकरी घरातली मी, वासानं पदर नाकाला लावायची, आणि तरी बघत राहायची. ते मला कुणीतरी आभाळाला लावलेल्या तोरणासारखे वाटत. अशीच एकदा तोरण बघत उभी असताना दोरी ढिली झाली आणि पाठीमागून आरोळी आली.

“ए बाय! तुजी म्हस बग! तुजी म्हस मासं खातंय!”

वळून बघते तर म्हशीच्या तोंडातून हातभर लांब चकचकीत वाकटी लोंबत होती. वाकटी म्हणजे रिबिनीसारखा चपटा लांब मासा. म्हैस डोळे मिटून, मान हलवत, ती रिबीन आत ओढत होती. पायाशी माशांच्या डोक्यांचा आणि काट्यांचा ढीग, तोही निम्मा तिनं पसरलेला.

ओरडणारी बाई नवापूरचीच, मासे सुकवून बोईसरच्या बाजाराला नेणारी. अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. आमची ओळख त्या दिवशी झाली. पुढे मी तिला मावशी म्हणायला लागले, पण तेव्हा मी हात जोडून माफी मागत होते.

“बाई, तुमची वाकटी गेली, मी...”

“वाकटीचं मरूं दे. पन हिला झालंय काय? उपाशी ठेवतंस काय हिला?”

“उपाशी? चार पेंढ्या खाते दिवसाला!”

“पॉट भरलंय गो, भूक नाय भरली. हाडं चगळते ती. मी बगतंय ना चार दिस. हाडांची वाण हाय तिला.”

इतकं साधं, स्पष्ट वाक्य. त्या शहाणीनं ते ऐकलं का? नाही. तिच्या डोक्यात एकच घंटा वाजत होती, म्हैस बाटली, म्हैस बाटली. आता हिचं दूध देवापुढे कसं ठेवायचं? आत्याबाई काय म्हणतील? मी म्हशीला ओढत घरी आणलं आणि आत्याबाईंना कळू न देता प्रायश्चित्त केलं. तिचं तोंड तुळशीच्या पाण्यानं धुतलं. माझ्या पेटीत आईनं दिलेली तुळशीची एक जादा माळ होती. तिच्यात अजून दोरा वाढवून मी ती म्हशीच्या गळ्यात बांधली, सात गाठी मारून. वर हात जोडून तिला बजावलं, “आजपासून तू माळकरीण. मासळी वर्ज्य.”

तिनं माझा पदर चघळला.

मोह नको म्हणून काथ्याचं मुसकं विणलं. मुसकं म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची जाळी, मळणीच्या वेळी बैलाला बांधतात तसली. पेंढा खाताना काढायचं, एरवी बांधलेलं. आत्याबाईंनी म्हशीच्या गळ्यातली माळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे काय?”

“दृष्ट लागू नये म्हणून.”

“बरं,” म्हणाल्या. “एकादशीला उपासाला काय घालायचं तिला? वरीचे तांदूळ?”

मी खरंच विचार केला, घालावेत का.

मुसक्यानं म्हशीची चोरी थांबली. भिंत वाचली, सदरे वाचले. आणि म्हैस वाळत गेली. पोट वाढत होतं, कारण आतलं वाढत होतं, पण तिची पाठ कमानीसारखी झाली. चालताना मागचे पाय असे टाकायची, जणू फरशी तापलेली आहे. उठताना आधी गुडघ्यांवर बराच वेळ तशीच राहायची, प्रार्थनेला बसल्यासारखी. मला ते भक्तीचं लक्षण वाटलं. काय सांगू!

व्यायला जेमतेम तीनेक आठवडे उरले असतील. एका सकाळी ती उठायला गेली आणि दोनदा पडली. तिसऱ्यांदा उठली, पण तिच्या अंगाची थरथर हाताला लागली तेव्हा माझी सगळी स्वप्नं एकदम पायाखालून सरकली. ही गेली तर? पोटातल्यासकट गेली तर? माहेराहून आलेली, माझी भाषा कळणारी ह्या समुद्रकाठी ती एकच होती. हे म्हणाले, “पालघरला जनावरांचे डॉक्टर आहेत. पण हिला तिथवर नेणार कशी? आणि ते इकडे येणार कधी?”

मग मीच गेले. म्हैस नेता येत नाही, तर म्हशीचा पुरावा नेऊ. एका धडप्यात मी गाठोडं बांधलं. त्यात यांच्या सदऱ्याची उरलेली चघळलेली चिंधी, भिंतीचा पोपडा, दाव्याचं कुरतडलेलं टोक, आत्याबाईंच्या वहाणेचा अर्धा अंगठा, आणि दाखवायला एक मूठ पेंढा. एस.टी.त मांडीवर गाठोडं घेऊन बसले. एकटीनं केलेला माझा पहिला प्रवास. खिडकीतून झोडलेली शेतं, ताडांची रांग, मिठागरांतले पांढरे ढीग मागे जात होते आणि मला वाटत होतं, सगळा मुलूख मीठ आणि पेंढ्याचाच केलेला आहे, आणि त्यातून मी एक फाटका सदरा घेऊन चालले आहे.

डॉक्टर उतारवयाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. मी त्यांच्या टेबलावर गाठोडं सोडलं आणि एकेक वस्तू मांडली, भातुकली मांडावी तशी. त्यांनी वहाणेचा अंगठा उचलून खालीवर पाहिला.

“हे कुणाचं?”

“सासूबाईंचं.”

“त्या बऱ्या आहेत ना?”

मग त्यांनी बाकी सगळं बाजूला सारलं आणि पेंढ्याची मूठ पुढे ओढली. “एवढंच खाते?”

“चांगला पेंढा आहे. नवा.”

“पेंढा चांगलाच आहे. पण भाताचं रोप जमिनीतून जे काही चांगलंचुंगलं घेतं ते दाण्यात भरतं. दाण्यातलंही पुष्कळसं वरच्या सालीत. ते गिरणीत कोंड्यात उतरतं. तांदूळ तुम्ही खाता, पेंढा म्हशीला. कोंडा कुठं जातो?”

“कोंबड्यांना.”

“कोंबड्या कशा आहेत?”

“मस्त आहेत.”

“असणारच.” ते हसले नाहीत. “हाडाला दोन गोष्टी लागतात. एक चुना आणि दुसरा फॉस्फरस. पोटातलं रेडकू आपली हाडं बांधायला आईच्या हाडांतून ते ओढून घेतं. आईला नुसत्या पेंढ्यातून परत मिळत नाही. मग ती भिंत चाटते, कापड खाते, हाडूक दिसलं की तोंड घालते. जनावराला नाव सांगता येत नाही, पण काय कमी आहे ते कळतं.”

“फॉस्फरस म्हणजे?”

“काडेपेटीच्या कडेला घासायची पट्टी असते ना, तिच्यात त्याचाच एक प्रकार असतो.”

“मग एखादी काडेपेटी...”

त्यांनी चष्मा काढला. “बाई, ती म्हैस आहे, बिडी नाही.”

त्यांनी एक पुडकं दिलं. करडी-पांढरी भुकटी. रोज अर्धी मूठ, मीठ घालून, कोंड्यात कालवून. कोंडा भरपूर. मी पुडकं नाकाशी नेलं. “औषध कशाचं आहे?”

“हाडांचा चुरा. वाफेवर शिजवून, वाळवून दळलेला.”

माळेचं आणि मुसक्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता तर सांगणंच शक्य नव्हतं.

घरी येईपर्यंत ते पुडकं मांडीवर निखाऱ्यासारखं वाटत होतं. वाकटी तरी तिनं आपल्या मनानं खाल्ली होती. हाडं मी माझ्या हातानं घालायची? माळ घातलेल्या जनावराला? आणि माळ उतरवू तरी कशी? आमच्याकडे माळ एकदा गळ्यात पडली की पडली. मी पुडकं उडवीच्या आत खुपसून ठेवलं आणि दोन दिवस नुसता कोंडा घातला. दोन दिवस! उडवीत औषध, समोर म्हैस, आणि मधे मी, शंका काढत बसलेली. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या दोन कानशिलात देईन. मग जवळ घेईन, पण आधी कानशिलात.

दुसऱ्या संध्याकाळी म्हैस बसली ती उठलीच नाही. हे आणि घरमालक दोन्ही बाजूंनी लागले, तिनं मान वर केली, आणि ठेवून दिली. आत्याबाई दारात उभ्या होत्या. नजर म्हशीच्या गळ्यावर. त्या अशा बघू लागल्या की मला जास्त भीती वाटायची.

सकाळी उजाडताना मी आडोशात गेले. म्हैस बसलेलीच होती, पण तोंड हलत होतं. आणि ओठाच्या कोपऱ्यातून तीन बोटं दोरा लोंबत होता, त्याला तुळशीचा एक मणी. गळा मोकळा. मुसकं खुंटीला लावलेलं. बघता बघता तिनं जीभ फिरवली आणि तो मणीही आत गेला.

मी धावत अंगणात आले. आत्याबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

“आत्याबाई! म्हशीनं माळ खाल्ली!”

“खाल्ली?”

“गिळली! अख्खी! आता कसं हो?”

त्यांनी तांब्या सावकाश उपडा केला. “कसं म्हणजे? गळ्यातली पोटात गेली. आता तिचं ती आणि देव बघून घेतील. आपण मधे कोण?” दोन पावलं आत गेल्या आणि थांबल्या. “आणि ते पुडकं उडवीत कशाला ठेवलंयस? दंव लागतं त्याला.”

मी कोंडा घेतला, मीठ घेतलं, अर्धी मूठ चुरा घेतला, पाण्यात कालवला आणि म्हशीपुढे धरला. तिनं घमेलं असं चाटलं, की घमेल्याचा तळ आरशासारखा झाला. त्यात मला माझं तोंड दिसलं. फार शहाणं दिसलं नाही.

पण औषध पोटात गेलं म्हणून जनावर लगेच उभं राहत नाही. एका कुशीवर पडून राहिलं तर अंग सडतं. मी मावशीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “बोललतंय ना मी? आता रडू नको. आमची मानसं येतील.” तिच्या घरची चार माणसं जुनं डोल जाळं घेऊन आली, समुद्रात खुंटांना बांधतात ते जाड, डांबराच्या वासाचं. ते म्हशीच्या पोटाखालून सरकवलं, वर दोन वल्ह्यांच्या काठ्या, आणि होडी ओढताना घालतात ती हाळी घालून त्यांनी म्हैस उचलली.

ते दृश्य मी अजून पाहते. सकाळचं कोवळं ऊन, पेंढ्याची धूळ सोन्यासारखी उडतेय, आणि त्यात जाळ्यात लोंबणारी माझी काळी म्हैस, पाय जेमतेम जमिनीला टेकलेले, तोंडावर मोठं आश्चर्य. एक म्हातारा कोळी म्हणाला, “येवडा मासा आमच्या जल्मात नाय गावला!” आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मासळीच्या वासामुळे असेल असं मला वाटलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

रोज सकाळ-संध्याकाळ जाळं. रोज अर्धी मूठ. पाचव्या की सहाव्या दिवशी कोळ्यांनी जाळं सैल सोडलं आणि ती खाली आली नाही. उभी राहिली. थरथरत, पण आपल्या पायांवर. मावशीनं तिच्या पाठीवर थाप मारली, मी मावशीच्या गळ्यात पडले, आणि घरी येऊन अंघोळ करावी की नाही यावर विचार केला नाही.

पुडकं संपल्यावर मावशी माशांची डोकी आणि काटे भाजून, कुटून आणून द्यायची. बदल्यात पेंढा न्यायची, टोपल्यांत मासळीखाली पसरायला. आत्याबाई सुरुवातीला त्या वेळी देवघरात जाऊन बसत. पुढे पुढे तिथूनच आवाज यायचा, “आज मूठ छोटी झाली.”

होळीच्या सुमाराला म्हैस व्याली. रेडकू ओलं, काळं, चार पायांवर चार दिशांना जाणारं. चीक संपून दूध सुरू झालं, तेव्हा पहिली वाटी घेऊन मी देवघराच्या उंबऱ्याशी अडले. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, देवापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “माळकरणीचं आहे. चालतं.”

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. त्या पोरीलाही तसंच वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं ती ही हकिगत ज्याला त्याला सांगायची, म्हशीनं आपण होऊन माळ कशी गिळली, देवानं कसा मार्ग काढला. मग मला स्वतःला सून आली. एका दुपारी तिला हेच सांगत होते. आत्याबाई शेजारी वाती वळत होत्या, फार थकलेल्या. सुनेनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “पण आई, माळ म्हशीनं खाल्ली हे ठीक. मुसकं काढून खुंटीला कोणी लावलं?”

मी आत्याबाईंकडे पाहिलं. सात गाठी होत्या त्या माळेला, आणि म्हशीचं तोंड तर बांधलेलं.

त्यांनी वात मांडीवर ठेवली, दुसऱ्या वातीसाठी कापूस घेतला आणि न बघता म्हणाल्या, “शहाणी होती हो ती म्हैस. घरात तेव्हा तेवढीच एक.”